लाकडी जमिनीची कुरकुर: ट्यूब, स्क्रू, प्लाय आणि फोमची पारख

गिरगाव, ठाकूरद्वार, ग्रँट रोडच्या जुन्या इमारतींत अजून कडीपाटाची जमीन आहे. दोन्ही टोकं भिंतीत रुतवलेल्या सागवानी कड्या आणि त्यावर फळ्या. त्याच मुंबईत दुसरीकडे गाळ्यांत आणि उंच छताच्या खोल्यांत लोखंडी सांगाड्यावर प्लाय टाकून मधला माळा केला जातो. काम झाल्यावर सहा-आठ महिन्यांनी दोन्हीकडची तक्रार एकच असते: पाय ठेवला की कुरकुरतं. इथे पारख केली आहे ती वरच्या लॅमिनेटच्या रंगाची आणि डिझाइनची नव्हे, तर त्याखाली कायमच्या गाडल्या जाणाऱ्या मालाची, म्हणजे ज्याला कंत्राटदार सबफ्लोअर म्हणतात त्याची. एकदा वरची फळी बसली की तो माल पुन्हा दिसत नाही, त्यामुळे घेतानाच नीट बघून घ्यायला हवा.

निकाल आधीच सांगून टाकतो. पैसे पहिल्यांदा ट्यूबमधल्या चिकटद्रव्यावर घाला, मग स्क्रूवर, मग प्लायवर, आणि उरले तर लॅमिनेटखालच्या फोमवर. मुंबईतल्या बहुतेक कामांत हा क्रम बरोबर उलटा असतो. दहा बाय बाराच्या खोलीला पाच-सहा ट्यूब लागतात. दुकानागणिक भाव बदलतो, पण या सहा ट्यूबांचा खर्च जवळपास एका चांगल्या मरीन, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या, प्लायच्या शीटएवढा होतो. नेमका तोच वाचवला जातो आणि पुढची वीस वर्षं जमीन त्याची आठवण करून देत राहते.

आवाज कुठून येतो ते एकदा जवळून बघू. खिळा फळीतून कडीत शिरलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवा ऐंशी-पंच्याऐंशी टक्के दमट, त्यामुळे लाकूड १६ ते १८ टक्के ओलाव्यापर्यंत फुगतं. जानेवारी-फेब्रुवारीत तेच लाकूड १० ते १२ टक्क्यांवर येतं. पाच इंच उंचीची सागवानी कडी एवढ्या फरकात पाऊण ते एक मिलिमीटर आक्रसते. खिळा मात्र आहे तेवढाच राहतो. कडीचा वरचा भाग, म्हणजे खिळ्याच्या टोकापर्यंतचा, आक्रसला की फळी आणि कडीच्या मध्ये केसाएवढी फट पडते. पाय पडला की फळी तेवढी खाली जाते आणि खिळ्याच्या दांडीवर घासते. पाय उचलला की परत वर येते. जाताना एक कुर्र, येताना एक कुर्र. शेजारच्या दोन फळ्यांच्या कडा एकमेकींवर घासल्या तर जरा जाड, करकरणारा आवाज येतो. प्लाय लोखंडावर घासला तर टिकटिक. तिन्हींच्या मुळाशी फट आहे, आणि त्या फटीत होणारी हालचाल आहे. स्क्रूने फट दाबली जाते, भरली जात नाही. ती भरते चिकटद्रव्य. म्हणून पहिला मान ट्यूबचा.

एक गोष्ट इथेच वेगळी करायला हवी. कुरकुर हा वरच्या घराचा त्रास, आणि खालच्या घरात ऐकू येणारी दणदण हा दुसरा. दोघांची औषधं वेगळी आहेत. कुरकुर थांबवायला फोम घेतला तर पैसे वाया जातात. दणदण थांबवायला स्क्रू वाढवले तर तेही वायाच.

आता ट्यूब. काउंटरवर 'लाकूड चिकटवायचंय' म्हटलं की समोर येतो पांढरा गोंद. फेविकॉल एसएच किंवा त्या जातीचा पांढरा गोंद फर्निचरच्या सांध्यात उत्तम आहे, पण त्याला दोन्ही पृष्ठं घट्ट भिडलेली आणि शिकंज्यात दाबलेली लागतात. पाणी उडून तो सुकतो, त्यामुळे जाड थर दिला तर आक्रसतो आणि फट भरत नाही. शंभर वर्षांच्या वेड्यावाकड्या कडीवर त्याचा उपयोग नाही. सिलिकॉन तर नकोच. ते लाकडाला मनापासून धरत नाही आणि कायम मऊ राहतं. सनमायका चिकटवायचं रबरी सोल्यूशन सतत भार आला की हळूहळू सरकतं. पाण्यावर आधारलेली ॲक्रिलिक 'खिळेमुक्त' ट्यूब स्वस्त आणि बिनवासाची असते, कोरड्या खोलीत चालून जाते, पण मुंबईच्या दमट हवेत जमिनीखाली तिच्यावर भिस्त ठेवू नये.

हवं ते पॉलियुरेथेन. दुकानात त्याला पीयू म्हणतात. सिकाफ्लेक्स-११ एफसी हे त्यातलं सहज मिळणारं नाव. दुसरा पर्याय हायब्रिड पॉलिमरचा, उदाहरणार्थ सूडालचं फिक्स ऑल. हायब्रिडला वास कमी येतो आणि लोखंडालाही ते चांगलं धरतं, त्यामुळे बंद खोलीत आणि लोखंडी सांगाड्यावर ते उजवं. कडीपाटावर दोन्ही सारखेच चालतात. दोन्ही हवेतल्या ओलाव्याने पिकतात, म्हणजे घट्ट होतात, रबरासारखे लवचीक राहतात आणि दोन-तीन मिलिमीटरची फट भरून काढतात. पीयूला दहापैकी नऊ गुण. एक गुण कापला तो हाताला लागल्यावर दिवसचे दिवस निघत नाही म्हणून. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, आणि ओलं असतानाच टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून घ्या.

विकत घेताना दोन गोष्टी बघा. ट्यूबवरची मुदत, आणि ट्यूबचं बूड. पीयू बंद ट्यूबमध्येही कालांतराने आतल्या आत घट्ट होतं, आणि मुंबईतल्या तापलेल्या पोटमाळ्यांवर पडून राहिलेला माल लवकर. बुडाची चकती अंगठ्याने दाबली तर किंचित आत गेली पाहिजे. दगडासारखी लागली तर परत ठेवा. ट्यूब दाबायची गन घेतानाही हात आखडू नका. पातळ पत्र्याची गन जाड पीयूपुढे वाकते, मग मिस्त्री कंटाळतो आणि अर्ध्या कड्या कोरड्याच राहतात.

हिशोब असा. नोझल तिरकं कापून ६ मिमी जाडीची वात काढली तर ३०० मिलीच्या ट्यूबमधून साधारण साडेदहा मीटर, म्हणजे ३५ फूट वात निघते. दहा बाय बाराच्या खोलीत कड्या १६ इंचांवर असतील तर दहा कड्या, प्रत्येकी दहा फूट, म्हणजे शंभर फूट. दोन शीट जिथे एकाच कडीवर भेटतात तिथे दोन वाती, शिवाय शीटच्या लांब कडांच्या, पुढे सांगितलेल्या, खाचेत एक बारीक वात. एकूण दीडशे फुटांच्या आसपास. पाच ट्यूब लागतील, सहा आणून ठेवा. कडी साडेतीन इंचांपेक्षा रुंद असेल तर सरळ वातीऐवजी नागमोडी ओढा.

आणि एका वेळी एकाच शीटपुरती वात. पावसाळ्यात पीयूवर साय फार लवकर धरते. पंधरा मिनिटं जाऊ दिली की वरून ते ओलं वाटतं, पण शीटला धरत नाही. शीट वरून सरळ खाली ठेवायची, सरकवत आणायची नाही. सरकवली की वात पुसली जाते आणि कोरड्या कडीवर शीट बसते. बरोबर बसलेल्या शीटच्या कडेने स्क्रू आवळताना चिकटद्रव्य मण्यासारखं थोडंसं बाहेर येतं. ते दिसलं नाही तर वात कमी पडली असं समजा.

जुन्या कडीचा वरचा भाग चुन्याच्या धुळीने माखलेला असतो. फडा मारून भागत नाही. आधी पत्रीने खरवडायचं, मग तारेचा ब्रश, मग व्हॅक्यूम. वाळवीपासून वाचवायला कडीवर डांबर किंवा तेल फासलेलं असेल तर त्यावर कुठलीही ट्यूब टिकत नाही. तेवढा भाग रंधून लाकूड उघडं करावं लागतं. रंधताना टोकाशी, भिंतीच्या खाचेत, स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. इंचभर सहज आत गेला तर कडी कुजली आहे. ते काम ट्यूबच्या आवाक्यातलं नाही. उपकर भरणाऱ्या इमारतीत घरमालकाला आणि म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला विचारल्याशिवाय आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय कडीला हात लावू नये. शेजारची मोरी गळत असेल तर तीही आधी बंद करा. ओल चालू असताना घातलेली जमीन कुरकुरणारच.

कड्यांची उंची सारखी नसते हे गृहीत धरूनच चाला. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणा, आठ फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवा आणि खाली किती सूत (एक सूत म्हणजे साधारण ३ मिमी) फट दिसते ते प्रत्येक कडीवर खडूने लिहा. उंच कडी रंधायची. खाली गेलेल्या कडीवर प्लायच्या पट्ट्या चिकटवून आणि स्क्रू मारून भर द्यायची. पुठ्ठा, सनमायकाचे तुकडे, घडी केलेला वर्तमानपत्राचा कागद, हे सगळं साइटवर भर म्हणून सर्रास घातलं जातं आणि सहा महिन्यांत चेपतं. पाचर मारायचीच वेळ आली तर ती चिकटद्रव्य लावून बोटाने सरकवा आणि हातोडीची एकच हलकी टिचकी द्या. जोराने ठोकली की शीट शेजारच्या कडीवरून उचलली जाते, एक कुरकुर जाते आणि बाजूला दुसरी सुरू होते.

स्क्रूच्या बाबतीत मुंबईत एक मोठी चूक रूढ झाली आहे. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू स्वस्त असतात, प्रत्येक साइटवर पडलेले असतात, म्हणून तेच जमिनीलाही मारले जातात. ते कडक पण ठिसूळ असतात. जुन्या सागवानात शिरताना किंवा नंतर जमीन हलताना त्यांची मान तुटते, आणि तुटलेलं डोकं नुसतंच प्लायमध्ये बसून राहतं. वरून काहीच कळत नाही. शिवाय काळा मुलामा दमट हवेत गंज अडवत नाही. जमिनीसाठी हे स्क्रू फुकट दिले तरी घेऊ नयेत.

घ्यायचे ते चिपबोर्ड स्क्रू, पिवळ्या झिंकचे, आणि समुद्राच्या अगदी जवळच्या घरात एसएस ३०४ चे, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे. नागदेवी स्ट्रीटवर हे डब्याच्या हिशोबाने मिळतात आणि तिथे दोन-तीन दुकानांत माप हातात घेऊन बघता येतं. १८ मिमी प्लायला ८ नंबरचा ५० मिमी लांबीचा स्क्रू, म्हणजे कडीत ३२ मिमी पकड. शक्यतो असा निवडा, ज्याची डोक्याखालची थोडी दांडी गुळगुळीत असते. डोक्यापर्यंत आटे असलेला स्क्रू प्लायलाही पकडतो आणि कडीलाही. मग तो प्लायला खाली ओढत नाही, दोघांना आहेत त्याच अंतरावर अडकवून ठेवतो. वरून स्क्रू पूर्ण आवळलेला दिसतो आणि खाली सूतभर फट तशीच असते. पूर्ण आट्यांचेच मिळाले तर प्लायमध्ये साडेचार मिमीचं भोक आधी पाडून घ्या, म्हणजे आटे प्लायमध्ये मोकळे फिरतील.

जुनं सागवान हाडासारखं कडक झालेलं असतं. त्यात अडीच ते तीन मिमीचं भोक आधी पाडल्याशिवाय स्क्रू घालू नका. सुतार आट्यांना साबण लावतात, त्यापेक्षा मेणबत्तीचं मेण लावा. साबण ओल ओढतो. स्क्रू मारायच्या मशीनचा, म्हणजे ड्रायव्हरचा, क्लच असा ठेवा, की डोकं प्लायच्या पृष्ठाच्या केसभर खाली जाऊन थांबेल. डोकं प्लायच्या दोन पापुद्र्यांतून आत गेलं की पकड निम्मी झाली. मारताना शीटवर, स्क्रूच्या शेजारी, उभं राहायचं. माणसाच्या वजनाने प्लाय कडीला भिडतो आणि स्क्रू त्याला तिथेच धरतो. ड्रायव्हरचा आवाज शेवटी जड झाला पाहिजे. तो हलकाच राहिला आणि स्क्रू फिरतच राहिला, तर तो कडी चुकून शेजारच्या पोकळीत गेला आहे. असा स्क्रू तसाच सोडायचा नाही. काढून टाका, कारण हवेत लटकणारा स्क्रू प्लायवर घासून स्वतःच कुरकुरतो. आधी रंगाच्या दोरीने कडीची मधली रेघ शीटवर मारून घेतली तर ही वेळच येत नाही.

अंतर: शीटच्या टोकांना सहा इंचांवर, मधल्या कड्यांवर आठ इंचांवर. १६ इंचांवर कड्या असतील तर आठ बाय चारच्या एका शीटला ५० ते ५५ स्क्रू लागतात. दहा बाय बाराच्या खोलीला तीनशेचा हिशोब धरा. मिस्त्री 'बारा-बारा इंचांवर पुरे' म्हणेल. चिकटद्रव्य नीट असेल तर मधल्या कड्यांवर बारा चालूनही जातं, टोकांना मात्र नाही.

आता प्लाय. भारतीय मानकांत आयएस ३०३ हा सर्वसाधारण वापराचा आणि आयएस ७१० हा मरीन. मरीनच्या गोंदाची परीक्षा ७२ तास उकळत्या पाण्यात होते. मुंबईत जमिनीखाली मरीन घ्या. कमर्शियल म्हणून मिळणारा एमआर ग्रेड पावसाळ्यात कडेने सुटायला लागतो, आणि पापुद्रे सुटले की प्लाय स्वतःच्या आतच कुरकुरतो. मग कितीही स्क्रू मारा. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ या कामाच्या वाटेलाही जाऊ नयेत.

पण शिक्का पाहून थांबू नका. मरीनचा शिक्का असलेल्या हलक्या शीटही रे रोडपासून बोरिवलीपर्यंत विकल्या जातात. दुकानात वजनकाटा मागा. आठ बाय चारची १८ मिमी चांगली शीट साधारण ३३ ते ४० किलो भरते. २७-२८ किलोची असेल तर आत पॉप्लरसारखं हलकं लाकूड आहे आणि स्क्रूची पकड तेवढीच हलकी राहणार. जाडी मोजा, १८ म्हणून १६ आणि साडेसोळा मिमी सर्रास मिळतं. कॅलिब्रेटेड प्लाय थोडा महाग पडतो, पण शेजारच्या दोन शीटची जाडी सारखी राहते, आणि वर लॅमिनेट बसायचं असेल तर हे फार मोलाचं आहे. शेवटची परीक्षा बोटांच्या पेरांची. शीट उभी करून ठोकत जा. मध्येच पोकळ वाजलं तर आत पापुद्र्यांत फट आहे. नेमका तिथे स्क्रू आला तर पकड शून्य.

शीट आणल्या की त्याच दिवशी बसवू नका. खोलीतच खाली रिपा ठेवून, दोन शीटच्या मध्ये हवा खेळेल अशा, दोन-तीन दिवस राहू द्या. ओलावा मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. कडी आणि प्लायमधला फरक चार टक्क्यांच्या आत आला की काम सुरू करा. भर जुलैत फुगलेल्या नव्या कडीवर घातलेली जमीन, त्यातून एसी लावायच्या खोलीत, हिवाळ्यात हमखास सैल पडते. वखारीतून नुकतंच कापून आणलेलं कच्चं लाकूड कडीला वापरलं तर हाच धोका कितीतरी पटीने जास्त.

शीटची लांब बाजू कड्यांना आडवी ठेवायची. पुढच्या रांगेतला टोकाचा सांधा मागच्या रांगेच्या सांध्यापासून निदान दोन कड्या सोडून. दोन शीटच्या मध्ये सूतभर, म्हणजे ३ मिमी फट, आणि भिंतीशी तीन-चार सूत. सूतभर फटीसाठी ३ मिमी जाडीचे खिळे मध्ये उभे ठेवले की माप चुकत नाही. प्लाय फुगायला ही जागा लागते. ती सोडली नाही तर शीटच्या कडा पावसाळ्यात एकमेकींना रेटतात आणि सांध्यावर उंचवटा येतो. 'एवढी फट दिसते, भरून टाकू' म्हणून कोणी त्यात पुट्टी भरायला निघालं तर थांबवा.

शीटच्या लांब कडा दोन कड्यांच्या मध्ये अधांतरी राहतात, तिथे पाय पडला की एक शीट दबते, शेजारची दबत नाही, आणि कडा घासतात. जीभ आणि खाच केलेला प्लाय मुंबईच्या दुकानांत सहजी मिळत नाही. सुतार राउटरने दोन्ही कडांना ६ मिमी रुंदीची खाच पाडून मध्ये ६ मिमी प्लायची वीस मिमी रुंद पट्टी बसवू शकतो, एका बाजूला गोंद लावून. ते जमणार नसेल तर कडेखाली, कड्यांच्या मध्ये, लाकडी ठोकळे बसवा, टोकांना ट्यूब लावून. या कामाला मिस्त्री नाक मुरडतो, कारण वेळ जातो. पण चिकटद्रव्याच्या खालोखाल फरक पडतो तो इथेच. कड्यांमधलं अंतर दीड फुटापलीकडे असेल तर १८ मिमी एकटा पुरत नाही. वर १२ मिमीचा दुसरा थर घ्या, सांधे सरकवून, आणि त्याचे स्क्रू २५ मिमीचेच ठेवा. ते पहिल्या प्लायमध्येच थांबले पाहिजेत, कडीत जाता कामा नयेत.

लोखंडी सांगाड्यावर बायसन पॅनेल, म्हणजे सिमेंट आणि लाकडाच्या भुश्याचा बोर्ड, फार वापरला जातो. १८ मिमीची आठ बाय चारची शीट ६५ किलोंच्या पुढे जाते, त्यामुळे दणदण प्लायपेक्षा कमी आणि ओलीची भीती जवळपास नाही. दोष दोन. कडा ठिसूळ, त्यामुळे कडेपासून निदान वीस मिमी आत, भोक पाडून आणि डोक्यासाठी खळगा करूनच स्क्रू मारावा लागतो. आणि लोखंडाला तो नुसता टेकवला की टिकटिकतो. चॅनेलवरचा गंज घासून, प्रायमर मारून, मग हायब्रिड ट्यूबची वात किंवा रबराची चिकटपट्टी द्या आणि सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने बसवा. सांगाड्याचे वेल्डिंग फक्त टाके मारून सोडलेलं असेल तर आवाज तिथूनही येतो, आणि तो वरून कधीच सापडत नाही. बोर्ड टाकण्याआधी सांगाड्यावर चालून बघा.

आता दणदण आणि फोम. जुन्या इमारतींत फळ्यांवर चुन्याचा कोबा आणि वर लादी असायची. तीन इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला १४० किलोंच्या आसपास. ते उखडून १८ मिमी प्लाय टाकला की वजन १२ किलोंवर येतं. इमारतीचा भार हलका झाला हे चांगलंच, पण खालच्या घरी बोलणं, टीव्ही, पावलं सगळं ऐकू यायला लागतं, कारण हवेतून जाणारा आवाज अडतो तो मुख्यतः वजनाने. लॅमिनेटबरोबर मिळणारा २-३ मिमीचा पांढरा फोम ही कसर भरून काढू शकत नाही. तो लॅमिनेटची स्वतःची टकटक थोडी कमी करतो आणि बारीक उंचसखलपणा झाकतो, एवढंच त्याचं काम. त्या कामाला तो ठीक. दहापैकी पाच गुण. 'जाड फोम म्हणजे जास्त शांतता' हे दुकानदाराचं म्हणणं मानू नका. मऊ जाड फोमवर लॅमिनेटची लॉक हलत राहते, तुटते आणि मग तीच कटकट वाजते. घ्यायचाच तर पातळ पण घट्ट, रबर-कॉर्कचा दोन-तीन मिमीचा.

खालच्यांना खरंच आराम द्यायचा असेल तर कड्यांच्या मध्ये ५० मिमी जाडीचं, ४८ किंवा ६४ घनतेचं (घनमीटरला इतके किलो) रॉकवूल, म्हणजे दगडी लोकर, न दाबता, कडीच्या बाजूला ठोकलेल्या रिपांवर टेकवून भरा, आणि प्लायवर एक जड थर द्या, बायसनचा किंवा पाच मिमी रबराचा. भार वाढतोय, तेव्हा इंजिनिअरला विचारून. रॉकवूल हाताळताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. हे सगळं परवडत नसेल तर जाड गालिचा आणि खाली नमदा टाका. टाचांचा आवाज त्याने जितका मरतो तितका त्या पांढऱ्या फोमने मरत नाही.

राहिली मजुरी. मुंबईत हे काम चौरस फुटाच्या दराने दिलं जातं. फुटावर पैसे मिळत असतील तर आधी भोक पाडणं, ठोकळे घालणं, शीटला दोन दिवस ठेवणं, हे सगळं मिस्त्रीच्या खिशातून जातं, आणि तो ते टाळतो यात त्याचा दोष कमी आहे. दर ठरवतानाच या कामांचे वेगळे पैसे बोला आणि दोन टप्प्यांवर काम थांबवून दाखवायला सांगा: कड्यांवर लेव्हल झाल्यावर, आणि प्लाय बसल्यावर वर काही टाकण्याआधी. स्कर्टिंग भिंतीला ठोकायची, खाली जमिनीवर दाबून बसवायची नाही, हेही तेव्हाच सांगून ठेवा. नाहीतर सगळं नीट होऊन भिंतीच्या कडेने करकर उरते.

प्लाय बसल्यावर एक पूर्ण दिवस जाऊ द्या. पीयू चोवीस तासांत साधारण दोन-चार मिमी पिकतं. तोपर्यंत सामान ठेवू नका, टाइलचे खोके तर मुळीच नकोत. मग अनवाणी पायाने, टाच टेकवून, प्रत्येक कडीवरून आणि कड्यांच्या मधून सावकाश चाला. दुसऱ्या कुणीतरी कान लावून आवाज आला तिथे खडूने फुली मारायची. फुलीवर आधी जवळचा स्क्रू काढून तो कडीत आहे का ते बघा, मग दोन्ही बाजूंना तीन इंचांवर एकेक नवा मारा. सगळ्या फुल्या पुसल्या गेल्या, की मगच फोमचा रोल उघडा.